नव्या तांदळाची देग

ब्रह्मपुरीत नूर मोहम्मद बावर्चींच्या बिर्याणीच्या देगेला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. शेवटची दोन वर्षं त्यांच्या बोलण्याला मात्र सगळे हसत. दावतीत प्लास्टिकच्या ताटल्या नकोत, पळसाच्या पत्रावळी घ्या. दूरदेशीचा लांब तांदूळ कशाला, आपल्या धानपट्ट्यातला चिन्नोर शिजवा, असं ते घरोघरी सांगत फिरले. लोक म्हणत, म्हातारा आता बिर्याणीच्या नावाने खिचडी वाढणार. अखेर एकटा अजीम शिंपी कबूल झाला. मुलीच्या लग्नाची दावत तुमच्या मर्जीप्रमाणे, असा शब्द त्याने दिला, आणि लग्न तीन महिन्यांवर असताना नूर मोहम्मद गेले.

शब्द मग त्यांच्या मुलीने, मदीहाने उचलला. ती कॉलेजात ग्रंथपाल. देगेजवळ लहानपणापासून उभी राहिलेली, पण तीनशे माणसांचं कधी रांधलेलं नाही. हे जेवण बिघडलं तर चिन्नोरचं नाव पुन्हा कुठल्या दावतीत निघणार नाही, हे तिला ठाऊक होतं. अब्बांची दोन वर्षं एका दुपारवर येऊन ठेपली होती.

लग्नाच्या सकाळी आरमोरीपलीकडच्या जंगलगावातून कलाबाई जीपने आली. पत्रावळी, द्रोण आणि तांदळाची पोती तिने मंडपामागे उतरवली. मदीहाने दोन दाणे दाताखाली धरले. दाणा कट्कन तुटला नाही, दाताला चिकटला. तांदूळ यंदाचा होता. अब्बा वर्षभर मुरलेलाच घेत. तो मागायचं मदीहाच्या ध्यानातच आलं नव्हतं. नवा तांदूळ दमावर, म्हणजे झाकण लिंपून वाफेवर, बसवला की त्याचा गोळा होतो. चूक तिचीच होती.

अब्बांच्या हाताखाली वीस वर्षं काढलेल्या अनसभाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“मदीहाबाई, तुमच्या पुस्तकात नवा-जुना लिहेल नसते काय?”

“नसते,” ती म्हणाली. “अब्बाले विचारून ठेवाचं होतं.”

हे कळताच अजीमचाचा धावत आला. बाजार दहा मिनिटांवर आहे, लांब तांदूळ आणतो, कुणाला पत्ता लागणार नाही, असं त्याने हळू आवाजात समजावलं. त्याचंही खोटं नव्हतं. त्याच्या दारात मुलीच्या सासरची माणसं जेवणार होती.

कलाबाई पोत्यावर बसून हे सगळं ऐकत होती. तिला हसू आवरेना.

“आमच्या गावात नवा तांदूळ आला का सण होते. तुमच्या इथी मातम होऊन राह्यला.”

“दमावर चिकट होते ना, कलाबाई.”

“मंग पेज काहाडा, माय. कोंडून काऊन ठेवता? नव्या भाताले हवा लागते.”

मदीहाने चाचाला सांगितलं की बाजारात जायचं नाही, फक्त जेवण तासभर उशिरा होईल. अनसभाई म्हणाले, असं आजवर कुणी केलं नाही. ती म्हणाली, आपण करू.

भरपूर पाण्यात तांदूळ उकळला. दाण्याच्या पोटात कच्ची कणी शिल्लक असतानाच त्यांनी तो बांबूच्या टोपल्यांत उपसला. खाली पातेल्यांत दाट पांढरी पेज धरली. स्वच्छ चादरींवर पत्रावळी उलगडून कलाबाईने त्यांवर भात पसरला, आणि तिघं दोन्ही बाजूंनी सुपांनी वारा घालत राहिले. भाताचा ओलेपणा गेला, दाणा सुटा झाला. मग दोन देगांत तळाला मटण, वर हा भात, आणि वरून पाण्याचा थेंबही न घालता तुपाची धार. कणकेने झाकण लिंपलं ते नेहमीच्या निम्म्याच वेळापुरतं.

एव्हाना मंडप भरला होता आणि कुजबुज सुरू झाली होती. मदीहाने पेजेत मीठ, जिरं आणि लिंबू घातलं. द्रोण भरभरून बाहेर पाठवले. पहिला द्रोण अजीमच्या थोरल्या बहिणीच्या, साबिराफुफीच्या हातात पडला.

“काऊन गं, बिर्याणीचं धुवण पाजतेस?” असं म्हणून तिने घोट घेतला. पुढचा टोमणा गिळला आणि रिकामा द्रोण पुढे केला. तिच्या पाठोपाठ नवरदेवाकडच्या म्हाताऱ्यांनी पेज मागितली. पातेली कोरडी झाली तेव्हा झाकण फोडायची वेळ झालीच होती.

अनसभाईंनी कणीक तोडली. चिन्नोरचा वास आधी बाहेर आला, मग वाफ. मदीहाने कडेने झारा घातला आणि उचलला. आखूड, टपोरा दाणा झाऱ्यावरून एकेक सुटून पडला. अनसभाईंनी दोन बोटांनी दाणा दाबून पाहिला आणि गळ्यातला रुमाल काढून तोंड पुसलं.

“वाढा,” एवढंच ते म्हणाले.

तीन पंगती उठल्या. दोन्ही देगा खरवडून निघाल्या. दरवेळी दावतीनंतर मंडपामागे प्लास्टिकचा ढीग साचून आठवडाभर वाऱ्याने उडायचा. आज उष्ट्या पत्रावळी ट्रॉलीत भरून अजीमचा शेजारी आपल्या शेतातल्या खताच्या खड्ड्यात घेऊन गेला, आणि जाताना पुढच्या वेळीही मलेच द्या म्हणून बजावून गेला.

मदीहा सगळ्यांत शेवटी जेवायला बसली. दोन घास झाले असतील, तेवढ्यात साबिराफुफी काठी टेकत आली. पुढच्या महिन्यात तिच्या नातवाची दावत होती. हीच बिर्याणी पाहिजे, असं तिने फर्मावलं.

“जुना तांदूळ शोधून ठेवतो, फुफी. आणखी चांगली होईल.”

“जुना कायले? मग पेज कुठून पाजशील?”

मदीहा हसली. अब्बा गेल्यापासूनच्या तीन महिन्यांत ती अशी पहिल्यांदाच हसली असेल. तिने कलाबाईला शेजारी बसायला जागा केली आणि अनसभाईंकडे दुसरी पत्रावळ मागितली.