न उतरणारे यान

दोन करवंट्या, चार बांबूच्या कामट्या, एक कप्पी आणि दोन मीटर तंगूस, म्हणजे मासे गळाला लावायचा नायलॉनचा दोरा. एवढ्या सामानातून माझा जन्म झाला. मित्रांनो, मी रत्नागिरीतल्या एका शाळेतला जुना अपोलो-१० आहे.

सुहासने नववीत असताना मला बनवले. वरची करवंटी म्हणजे मुख्य यान. कप्पी तिच्या पोटात. खालची करवंटी मी, चांद्रयान; चार कामट्या माझे पाय. तंगूस सैल सोडला की मी प्लास्टरच्या चंद्राकडे निघतो. मग दोऱ्यातली गाठ कप्पीत अडकते आणि मी अधांतरी थांबतो. माझा एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. मे १९६९ मध्ये अमेरिकेच्या अपोलो-१० मोहिमेत खरे चांद्रयान दोघांना घेऊन चंद्रापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर गेले. तिसरा अंतराळवीर मुख्य यानात थांबला होता. उतरणे सोडून सगळे तपासून ते परतले. दोनच महिन्यांनी माणूस चंद्रावर उतरला. ती वाट आमच्या घराण्याने आधी पाहून ठेवली होती!

पुढे मी कपाटात पडलो. तंगूस कडक होऊन तुटला. यंदा सुहासच्या पुतणीने, श्रुतीने, मला प्रदर्शनासाठी काढले आणि नवा तंगूस लावला. पण सरावात गाठ सुटली. मी चंद्रावर आपटलो, एक पाय मोडला.

"राहू दे गं आता," विज्ञानाच्या मनिषाबाई म्हणाल्या. "चंद्रावरच चिकटव नि झेंडा लाव. उद्या परीक्षक येतील."

"नायतरी हिचं यान म्हणजे गावात न शिरता केळशीच्या फाट्यावरनं परत फिरणारी एसटी!" वर्गातला चिराग हसला.

मी घाबरलो. एकदा चिकटलो की परतणे संपले, आणि चंद्रावर उतरण्याचा दुसऱ्या यानाचा मान माझ्या नावावर.

संध्याकाळी सुहास आला. तो आता होड्यांची इंजिने बसवतो.

"काका, चिकटवू काय?"

"नवी होडी पयल्यांदा पाण्यात घालतो, तेव्हा जाळं नेतो काय गो आपण?"

"नाय. मासळी दिसली की मोह होतो."

"मग? त्या दिवशी इंजिन ऐकायचं, पाणी कुठं शिरतंय बघायचं नि घरी यायचं. तो दिवस फुकट गेला काय?" त्याने दोरा बोटांत धरला. "कोरडी गाठ मारलीस ना? कोळ्याची पोर तू! नायलॉन ओला करून ओढायचा."

श्रुतीने जीभ चावली. तिने नवा पाय बसवला, ओली गाठ मारली आणि अनेकदा ओढून पाहिली.

मित्रांनो, कपाटातल्या जुन्या नमुन्यांना अधूनमधून बाहेर काढा. आमचे दोरे बदला, पण आमचे काम बदलू नका.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर श्रुतीने तंगूस सोडला. मी खाली गेलो, थांबलो. परीक्षकांनी पट्टी लावली. मग तिने मला वर ओढून घेतले आणि त्यांनी पुन्हा पट्टी लावली.

चंद्रापासून सर्वांत कमी अंतर : पंधरा सेंटिमीटर दोन मिलिमीटर. परतल्यावर मुख्य यान आणि माझ्यामधली फट : शून्य.