पुतळामावशीचा डावा हात

"खुर्ची अजून दोन बोटं मागे घे," पुतळामावशी म्हणाली. "आणि खडू आण. पांढरा नको, फरशीच पांढरी आहे. निळा बघ."

झिपरी निळा खडू शोधायला पळाली. चपलांच्या बंद पडलेल्या दुकानात खडू कुठला मिळायला? शेवटी तिच्या उंच मैत्रिणीच्या पिशवीत एक तुकडा सापडला. मावशीने खुर्चीच्या चारही पायांभोवती रेघा मारून घेतल्या, मग स्वतः बसली आणि झिपरीकडून आपल्या पावलांभोवतीही खुणा करून घेतल्या. मधल्या सुट्टीनंतर पुन्हा तंतोतंत तसंच बसता यावं, म्हणून या खुणा. चित्र पुरं होईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही, आणि पुरं झालं की मगच पुसायच्या. मावशी चित्रशाळेत झाडूवाली म्हणून लागली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने असल्या खुणा लख्ख पुसून टाकल्या होत्या. सर डोकं धरून बसले होते.

त्याच सरांनी महिन्याभराने तिला खुर्चीत बसवलं, कारण त्या दिवशी मॉडेल आलंच नाही. एक माशी तिच्या नाकावरून चालत चालत कानापर्यंत गेली, तरी बाई हलली नाही. तेव्हापासून ती पुतळामावशी. एकतीस वर्षं पोरं तिला बघून माणूस काढायला शिकली. गेल्या वर्षी चित्रशाळेने हिशोब केला, की पोरं हल्ली पडद्यावरचा फोटो बघूनच काढतात, मग जिवंत माणूस बसवायचं कशाला? मावशी घरी बसली. तिथे तिच्याकडे बघायला धाकट्या बहिणीशिवाय कोणी नव्हतं, आणि धाकटी बोलताना भाजीकडे बघायची.

झिपरी ही मावशीला बघून शिकलेल्या शेवटच्या तुकडीतली. आता ती आणि तिची मैत्रीण नव्यानेच क्युरेटर झाल्या होत्या. म्हणजे काय, ते मावशीने धाकटीला समजावलं होतं: नव्या पोरांची चित्रं निवडायची, नीट मांडायची आणि प्रदर्शन उभं करायचं.

"म्हणजे दुसऱ्याची चित्रं भिंतीवर टांगायची," धाकटी म्हणाली. "त्याला एवढं मोठं नाव?"

नाव मोठं असलं तरी पैसा नव्हता. हे दुकान दहा दिवसांसाठी मिळत होतं, पण भाडं, दिवे, चित्रांची ने-आण सगळं उभं करायचं होतं. दोघी पोरींनी दारोदार चपला झिजवल्या. ज्यांचं नाव कोणी ऐकलेलं नाही त्यांच्या चित्रांसाठी पैसे द्यायला कोणी तयार होईना. मग त्यांनी डोकं लढवलं. रविवारी दुपारी बड्या माणसांना बोलवायचं, हातात कोळसा आणि कागद द्यायचा आणि समोर जिवंत माणूस बसवायचं. त्यांनी काढलेली चित्रं प्रदर्शनाच्या पहिल्या भिंतीवर लागणार. दुसऱ्याच्या चित्रासाठी ज्यांचा हात खिशात जात नव्हता, त्यांचा तो स्वतःच्या चित्रासाठी भराभर गेला. चौदा जणांनी नावं दिली.

"हे जमलं ना मावशी, तर दर महिन्याला करू," झिपरी म्हणाली होती. "तुम्हीच बसायचं."

मावशीने तिथल्या तिथे हो म्हटलं. पैशाचं तिने विचारलंसुद्धा नाही. महिन्यातून एकदा का होईना, कोणीतरी आपल्याकडे नीट बघेल, एवढंच तिच्या मनात आलं.

एक गोष्ट मात्र तिने सांगितली नाही. सहा महिन्यांपासून तिचा डावा हात हलत होता. आधी करंगळी, मग पंजा, आता मनगटापासून. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्यांनी थोडं कमी होईल, पण जाणार नाही.

"सांगून टाक त्या पोरीला," सकाळीच धाकटी म्हणाली होती.

"काय सांगू?"

"हात हलतो म्हणून."

"चाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. थांबवेन."

"तुला चहाची बशी थांबवता येत नाही, ताई."

मावशीने बशी खाली ठेवली आणि ती फणी शोधायला गेली. तिला वाटलं होतं, हात उजव्या हाताखाली दाबून बसू, कुणाला कळणार नाही. पण निमंत्रणावर झिपरीने सरांनी काढलेलं चित्र छापलं होतं. खुर्चीत बसलेली मावशी, डावा हात गुडघ्यावर, तळवा वर उघडा. तो एक हात काढायला सरांना अकरा दिवस लागले होते. "चेहऱ्याला सगळेच भुलतात," ते पोरांना सांगायचे, "हात बघा रे, हात!" सरांना जाऊन चार वर्षं झाली. चित्र चित्रशाळेच्या जिन्यात आहे. आज पोझ तीच ठरली होती.

पाहुणे आले. दातांचे डॉक्टर, निवृत्त न्यायाधीशबाई, कापडदुकानदार आणि त्याची बायको, एक बिल्डर, आणखी असेच खाऊनपिऊन सुखी लोक. हसत-खिदळत बसले, कोळशाने बोटं काळी झाली याचंच त्यांना कौतुक. मावशीने तळवा उघडा केला, समोरच्या फळीवर चपलांचा सात नंबर अजून चिकटलेला होता, त्यावर डोळे रोवले आणि ती थांबली.

दहा मिनिटं हात राहिला. मग करंगळी हलली. मावशीने श्वास धरला, सोडला, त्या जुन्या माशीची आठवण काढली. काही उपयोग झाला नाही. पाणी उकळायला लागल्यावर पातेल्यावरचं झाकण हलतं तसा पंजा हलायला लागला. कोळशांची खरखर मंदावली. मावशीने मान वळवली नाही, पण कान कसे बंद करणार?

"थंडी वाजते का त्यांना?" दुकानदाराच्या बायकोने हळूच विचारलं.

"थंडी नाही हो ती," डॉक्टर त्याहून हळू म्हणाले.

त्यानंतर कोणी खिदळलं नाही.

सुट्टीत झिपरी शाल घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता. "मावशी, मांडीवर टाकू का? म्हणजे... गार लागत असेल तर."

"मला गार नाही लागत."

"नाहीतर हात आत घेतलात तरी चालेल. कोणी काही म्हणणार नाही, खरंच."

"पोझ मधेच बदलत नाहीत," मावशी म्हणाली. "तू तिथेच शिकलीस ना?"

झिपरीने शालीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मावशी उठली, निळ्या खुणांत पावलं ठेवली आणि बसली. कागदावरची रेघ हलवायला लागली नसती, इतकी नेमकी.

उरलेल्या वीस मिनिटांत तिची मान, खांदे, पाठ, पापणीसुद्धा हलली नाही. हात मात्र गुडघ्यावर थडथडत राहिला. मावशीने त्याला थांबवायचा नाद सोडला. हलतोय ना, मग हलतोय तसा काढा, तिने मनात म्हटलं. सरांनी काढला असता. पोरांना ओरडून बोलावलं असतं, बघा रे, ही हालचाल पकडून दाखवा. या विचाराने तिला बरं वाटलं. चौदांतल्या एकाला तरी जमेल, असं वाटलं.

वेळ संपली. टाळ्या झाल्या. उंच मैत्रिणीने चित्रं फळ्यांना चिमट्यांनी लावली, पाहुण्यांनी आपापल्या चित्राशेजारी उभं राहून फोटो काढले.

"जमलं, मावशी!" झिपरीचे डोळे भरले होते. "भाडं, दिवे, सगळं निघालं. प्रदर्शन होणार!"

"बरं झालं, पोरी," मावशी म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. मग ती एकेका फळीसमोरून निघाली.

न्यायाधीशबाईंचा कागद कमरेशीच संपला होता. बिल्डरने गुडघ्यापुढे फुलांची कुंडी काढली होती. दुकानदाराच्या बायकोने मांडीवर शाल काढली होती, तीच, जी मावशीने परत पाठवली होती. डॉक्टरांनी डावा हात उजव्याखाली नेऊन ठेवला होता. एकाने बहुधा हात काढायला घेतला असावा, पण मग खोडून खोडून तिथे नुसता राखाडी डाग उरला होता. चौदा चित्रं होती. चेहरा सगळ्यांत होता, दोघा-तिघांना तर बऱ्यापैकी साधला होता. तो हात एकातही नव्हता.

त्यात कोणाचं वाईट मन नव्हतं. सगळ्यांनी तिची लाज राखायलाच तसं केलं होतं, हे तिला कळत होतं. वेडावाकडा काढला असता तरी तिला चाललं असतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माणसं समोर बसून तिच्याकडे बघायचं टाळत होती, आणि तिला रडू यायला लागलं.

"छान काढलंय ना तुम्हाला?" डॉक्टरांनी कोट घालता घालता विचारलं.

"छान काढलंय," मावशी म्हणाली.

पाहुणे गेले. झिपरी जवळ आली, तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "पुढच्या महिन्याचं... मी कळवते तुम्हाला. आता जरा आराम करा, मावशी."

"हो. फडकं आहे का गं? ओलं?"

"कशाला? राहू द्या, आम्ही पुसू नंतर."

"चित्र झालं ना?"

"झालं."

"मग पुसायच्या असतात."

मावशी गुडघे टेकून खाली बसली. खुर्ची सरकवून तिने आधी पायांच्या चार खुणा पुसल्या, मग पावलांच्या. उजव्या हाताने खुर्चीचा आधार घेतलेला, त्यामुळे फडकं डाव्या हातात आलं. ते आपोआपच पुढेमागे होत होतं. निळा रंग फिकट होत गेला, आणि फरशी पांढरी झाल्यावरही फडकं बराच वेळ तिथेच फिरत राहिलं.