पाहून घेतलेला मोहल्ला

भाऊरावांची नजर कडेकडेनं जात होती. समोरचं दिसे, बाजूचं दिसत नसे. मग समोरचंही धुरकट व्हायला लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार टिकेल असं वाटत नाही, असं ते स्पष्टच बोलले. परतीच्या बसमध्ये त्यांच्या बायको शकुंतलाबाई खिडकीकडे तोंड करून रडल्या. भाऊराव मात्र आपलं सौंसर येईपर्यंत एकाच गोष्टीचा विचार करत होते.

ते तहसील कचेरीत बाबू होते, सरकारी क्वार्टरात राहत होते. एकुलती मुलगी कुसुम लग्न होऊन पांढुर्ण्याला गेली होती.

“नोकरी सुटन तं क्वार्टरही सुटन,” घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले. “दिसून राहिलं तवरच घर पाहून घेऊ. एकदा मोहल्ला डोक्यात बसला का मंग कायची चिंता नाही.”

घरं दोनच जमण्यासारखी होती. एक बौद्ध मोहल्ल्यात, विहाराजवळ. तिथं सगळे ओळखीचे, शकुंतलाबाईंची मैत्रीण कलाबाई तर अगदी शेजारी. पण गल्ली अरुंद, उघडी नाली, मधेच कोणाची बाज तर कोणाची बांधलेली म्हैस. दुसरं बसस्टँडच्या मागं, संत्र्याचे बगीचे असलेल्या रघुनाथरावांच्या घराचा मागचा भाग. समोर सरळ सिमेंटचा रस्ता. भाऊरावांचं आडनाव ऐकून रघुनाथराव जरा थांबले. मग म्हणाले, “माही काही हरकत नाही. येणंजाणं तेवढं मागूनच ठेवा.”

शकुंतलाबाईंना ते लागलं. रस्त्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, “विहाराजवळच घेऊ ना जी. हाक मारली तं चार बाया येतात. इथं कोन आहे आपलं?”

“तिथं नालीत पडलो तं उचलाले चार जण येतीन. पण मले पडाचंच नाही ना.”

 नजर भाऊरावांची जात होती. घर त्यांनाच निवडू द्यावं, असं शकुंतलाबाईंना वाटलं.

रघुनाथरावांच्या घरात आल्यावर भाऊराव रोज तो रस्ता शिकायला लागले. आधी डोळे उघडे ठेवून चालायचे, मग मिटून. कोपऱ्यावर पिठाच्या चक्कीचा गरम वास आला की वळायचं. शाळेच्या भिंतीला हात लावत पुढं गेलं की चहाच्या टपरीचा स्टोव्ह ऐकू येतो आणि तिथून बसस्टँडवरची ‘नागपूर, नागपूर’ ओरड. शकुंतलाबाई मागून चालत. भाऊराव कुठं अडखळले की त्यांचा हात आपोआप पुढं व्हायचा, आणि त्या तो मागं घ्यायच्या.

हिवाळ्याच्या तोंडाशी, संत्र्यांचे ट्रक भरून जायला लागले तेव्हा, भाऊरावांना फक्त उजेड आणि अंधार कळत होता. मग तेही गेलं. पण ते एकटे टपरीवर जात, चहा पिऊन एकटे परत येत. टपरीवाला मोतीराम लोकांना सांगायचा, “बाबूजीले रस्ता आपल्यापेक्षा जास्त दिसते.” भाऊराव ते घरी येऊन सांगत आणि हसत. शकुंतलाबाईंनाही मग वाटायला लागलं, त्यांचंच बरोबर होतं.

उन्हाळ्यात रघुनाथराव आले. पहिल्यांदाच आत येऊन बाजेवर बसले. बराच वेळ उन्हाबद्दल बोलत राहिले.

“पोराचं लग्न जुळलं भाऊराव,” शेवटी म्हणाले. “मांगचा भाग त्याले द्या लागते. मले वाईट वाटून राहिलं, पण माह्याही घरात जागा नाही.”

 भाऊराव म्हणाले, “याच रस्त्यावर कोनाची खोली असन तं पाहा ना जी. लहान असली तरी चालते.”

रघुनाथरावांनी खरंच विचारपूस केली. एका ठिकाणी जमत आलं होतं, आडनाव कळल्यावर जमेनासं झालं. विहाराजवळची खोली तर केव्हाच एका लाइनमॅननं घेतली होती. कलाबाई हळहळली, “तवाच आली असती तं वं!” शकुंतलाबाईंनी हे घरी सांगितलं नाही.

अखेर जावई सुधाकर मेटाडोर घेऊन आला. पांढुर्ण्यात रेल्वे लायनीजवळ, आपल्याच गल्लीत त्यानं खोली पाहिली होती. मुलीच्या दारी राहायचं भाऊरावांना आवडलं नाही, पण दुसरं सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. सामान चढत असताना ते चहा प्यायला जाऊन आले. मोतीरामनं पैसे घेतले नाहीत.

नव्या खोलीच्या दारात दुसऱ्या दिवशी ते विटांच्या ढिगावर आपटले. गुडघा फुटला. मग त्यांनी शकुंतलाबाईंना समोर बसवलं. “सांग मले, दारातून काय काय दिसते?”

“समोर भिंत आहे. बाजूले नळ आहे. मंग... रस्ता वळते.”

“कोनत्या अंगानं वळते? नळाच्या अलीकडून का पलीकडून?”

त्या उठून पाहून आल्या, सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, त्या पुन्हा उठल्या. तेवढ्यात गाडी धडधडत गेली आणि बोलणं तुटलं. असं काही दिवस चाललं. डोळ्यांनी कधीच न पाहिलेलं ते सगळं भाऊरावांच्या डोक्यात जागेवर राहीना. भिंत एकदा इकडं यायची, एकदा तिकडं.

मग त्यांनी विचारणं सोडलं. कुसुम सकाळी चहा घेऊन यायची. म्हणायची, “बाबा, चाला, जरा बाहेर बसू.”

“सांजच्याले जाऊ,” ते म्हणत. सांजेला म्हणत, “आता उद्या.”

“आई, तू तरी सांग ना त्यायले,” कुसुम म्हणाली.

 दूध आणायला गेल्या तेव्हा शकुंतलाबाई स्वतःच त्या गल्लीत चुकल्या होत्या, आणि दोघांना विचारत घरी परतल्या होत्या. त्यांनी फक्त बाज दारापासून जरा आत ओढली, कारण भाऊरावांच्या पायावर ऊन येत होतं.