शेवट आधी सांगू नये

या गोष्टीचा शेवट मी आधीच सांगून टाकतो. सरांची मुलगी त्या दिवशी संध्याकाळच्या बोटीने परदेशी नोकरीला निघाली होती. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते एकट्या सरांना. शेवट आधी सांगणं हे सरांच्या लेखी घोर पाप, पण ते केल्याशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही, त्याला माझा नाइलाज आहे.

सर कॉलेजात कथा शिकवायचे. पहिल्या पानावर छत्री दिसली तर शेवटच्या पानावर पाऊस पडलाच पाहिजे, हे त्यांचं आवडतं वाक्य. वर्गात ते ठीक होतं, पण घरीही तोच खाक्या. "अहो, नळ फुटलाय," म्हणत बायको धावत आली, की सर कपाळाला हात लावायचे. "अगं, शेवटच आधी सांगितलास! सुरुवातीपासून सांग." तिचं सांगून होईपर्यंत स्वयंपाकघरात तळं साचायचं. बरं, कुणी सुरुवातीपासून सांगू लागलंच, तर दुसऱ्या वाक्याला सरांचा हात वर. "थांब, मी ओळखतो." ओळखलेलं बहुधा चुकायचं. पण चूक दाखवून द्यावी, तोवर सर आंघोळीला गेलेले असायचे.

मुलीने महिनाभरात अनेकदा सुरुवात करून पाहिली होती. जायच्या दिवशी सकाळी तिने पुन्हा धीर केला.

"बाबा, मागच्या वर्षी आमच्या ऑफिसात परदेशातले एक साहेब आले होते..."

"थांब!" सरांचा हात वर.

माळ्यावरची ट्रंक खाली आली होती. मुलीची लाडकी कुंडी शेजारणीच्या गॅलरीत गेली होती. बायको चार दिवस डोळे पुसत होती. आणि आता हे साहेब! इतक्या छत्र्या एकदम उघडल्यावर सरांसारख्या माणसाला कळू नये? पोरीचं लग्न ठरत होतं.

"ओळखलं मी. पुढे एक अक्षर बोलू नकोस. माझी काही हरकत नाही."

मुलगी बघतच राहिली. "खरंच, बाबा? मला वाटलं, तुम्ही रागवाल."

"राग कसला? कधी ना कधी घर सोडायचंच असतं."

तिने त्यांचा हात घट्ट धरला. "मग आज पाचला घरी याल ना? नक्की या."

"आलोच समज," सर म्हणाले. पाचला पाहुणे येणार, हेही त्यांनी तिथल्या तिथे ओळखून टाकलं.

कॉलेज सुटल्यावर सरांनी मिठाईचा चांगला मोठा खोका घेतला आणि पाचाच्या आत घरामागच्या बागेत येऊन पोहोचले. घर दोन मिनिटांवर. पण सर बाकावर बसले. मुख्य पात्राने वेळेवर येऊ नये, वाट पाहायला लावावी, त्याने प्रवेशाला वजन येतं, असं ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते. जावयाच्या पुढ्यात पहिला प्रवेश! तो काय असा उरकायचा?

मधेच बंदरावरून बोटीचा भोंगा ऐकू आला. वातावरणनिर्मिती बरी आहे, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी मिशांवरून हात फिरवला आणि आणखी थोडा वेळ बसले.

घरी आले तेव्हा दार सताड उघडं होतं. आत बायको एकटीच, बाहेरची साडी नेसून, खुर्चीच्या टोकावर बसलेली. पाहुणे नाहीत, ट्रंक नाही.

"पोरगी कुठाय?" सरांनी विचारलं.

बायको सवयीने सुरुवातीपासून सांगू लागली. सरांनी तिला थांबवलं. "अगं, शेवट काय तो सांग आधी!"

"गेली. तिच्या मामाने बंदरावर नेलं. परदेशात नोकरी लागलीय तिला. सकाळी म्हणालात ना, ओळखलं म्हणून?"

सरांनी खोका टेबलावर ठेवला. आपण काय ओळखलं होतं, हे सांगायची त्यांना लाज वाटली.

"तुम्हाला घेऊन मागून निघायचं म्हणून मी थांबले," बायको म्हणाली. "दारात उभी होती हो पोरगी. निघेना. मी सांगत होते, अगं, येतील, काहीतरी काम निघालं असेल..."

"मग?"

"मग काय? तुमचीच मुलगी ती. मला बोलूच देईना. हात वर करून म्हणाली, 'थांब, आई. मी ओळखलंय. बाबा मनातून रागावलेच आहेत.'"

सर तसेच उलट पावली जिन्याकडे धावले. बंदर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. ते निम्म्या पायऱ्या उतरले असतील नसतील, तेवढ्यात बोट सुटल्याचा दुसरा भोंगा झाला.