रिकाम्या काट्यावरचे आठ किलो

गोदामात तिला सगळे काटेवाली म्हणत. बावीस वर्षं तिने पोती तोलली; व्यापारी कितीही घाईत असो, रिकामा काटा शून्यावर आल्याशिवाय तिने कुणाला पोतं ठेवू दिलं नाही. पण दवाखान्यात स्वतः काट्यावर चढायची वेळ आली की हीच बाई लाजेने मान फिरवायची. नर्स आकडा मोठ्याने वाचायची, बाकावरचे लोक ऐकायचे आणि काटेवाली भिंतीकडे बघत राहायची.

गुडघे झिजून हाडाला हाड लागलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, वजन एकशे दहाच्या वर असेल तर गुडघा बदलणार नाही. काट्याने एकशे पंधरा दाखवलं. रोज चाला, म्हणाले. संडासापर्यंत भिंत धरून जाणाऱ्या बाईला चाला म्हणायचं, म्हणजे शहाणपणाची हद्दच झाली. तिने अर्धपोटी राहून महिने काढले. पुढच्या खेपेला एकशे सोळा, त्यानंतर एकशे सतरा. चोरून खाता का, असं नर्सने चारचौघांत विचारलं. शेवटी पोटाचं ऑपरेशन ठरलं आणि जठराचा मोठा भाग कापून काढला. आता चार घास खाल्ले की पुरे, पाचवा उलटून पडतो.

वर्षभराने ती धाकट्या बहिणीला घेऊन गुडघ्याची तारीख मागायला आली. कपडे अंगावर ढगळ झाले होते, त्यामुळे या वेळी तिने आकडा स्वतः वाचला. ब्याण्णव. "ताई, आता मलाच चढव त्या काट्यावर, तुझ्याहून मीच जाड दिसते," बहीण म्हणाली. काटेवाली हसत उतरली आणि सवयीने तिची नजर सुईवर गेली.

काट्यावर कुणी नव्हतं. सुई आठावर होती.

"हे असं कधीपासून?" तिने विचारलं.

"मी इथे आले तेव्हापासून तसाच आहे तो," नर्स म्हणाली. "दोन-तीन वर्षं झाली."

हिशेब करायला काटेवालीला कागद लागला नाही. एकशे सात. एकशे आठ. एकशे नऊ. तिन्ही वेळा ती मर्यादेच्या आत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचाही तिला तितकाच राग आला. परक्याच्या पोत्यासाठी जे डोळे उघडे ठेवले, ते स्वतःसाठी मिटले.

डॉक्टरांनी सुई पाहिली, घसा खाकरला. झालं ते झालं म्हणाले. साखर उतरली, रक्तदाब सुधारला, म्हणजे फायदाच झाला की.

"झाला असेल," काटेवाली म्हणाली. "पण पोट माझं होतं. ते तुम्ही खोट्या मापावर कापलंत. वर मलाच चोर ठरवलंत."

डॉक्टरांनी घाईघाईने पुढच्याच आठवड्याची तारीख लिहून दिली. तिने कागद बहिणीकडे दिला. तेवढ्यात नर्सने बाकावरच्या एका जाड बाईंना वजनासाठी हाक मारली.

काटेवाली परत काट्याकडे गेली आणि त्याच्यावर फतकल मारून बसली. काटा दुरुस्त करणारा येईपर्यंत इथे कुणी चढणार नाही, असं तिने सांगितलं. नर्स ओरडली, डॉक्टरांनी समजूत घातली, बहिणीने हात धरला. एकदा खाली बसलं की दोघा-तिघांनी उचलल्याशिवाय आपल्याला उठता येत नाही, हे काटेवालीला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ती बसली होती.