स्वच्छ चादर

धाकटी आता पन्नाशीकडे झुकली होती, पण माहेरी ती अजून धाकटीच होती. या परक्या देशात मात्र तिला धाकटी म्हणणारं कुणी नव्हतं. चित्रांच्या चौकटी बनवायच्या कारखान्यात ती कामाला होती, तिथे सगळे तिला फ्रेमवाली म्हणत. दिवसभर दुसऱ्यांची चित्रं काचेखाली घालायची आणि सुट्टीला खोलीत बसून स्वतःची काढायची, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. ती बघायला कोण येणार? घरमालकीण यायची, पण ती भाडं मागायला.

अशात एका कलासंस्थेने स्थलांतरावरच्या प्रदर्शनासाठी चित्रकारांकडून कामं मागवली. निवड झाली तर प्रदर्शनात अख्खी एक भिंत, वर्षभराचं अनुदान, आणि आपल्या मूळ गावी जाऊन काम करायचं असेल तर प्रवासखर्चसुद्धा. धाकटीचा जीव त्या शेवटच्या ओळीत अडकला. आई गेली तेव्हाही तिला घरी जाता आलं नव्हतं.

तिने आपली चित्रं पाठवली आणि सोबत आईच्या चादरीचा एक फोटो. दोन चादरी जोडून शिवलेली ती भली मोठी चादर. वडिलांची बदली झाली की बिऱ्हाड हलायचं, आणि दर वेळी आई संसाराचं गाठोडं त्याच चादरीत बांधायची. नव्या घरी गाठोडं सुटलं की तीच जमिनीवर अंथरून चौघं भावंडं ओळीने झोपायची. कुठे कंदिलाची काजळी, कुठे सांडलेली शाई, कुठे तेलकट हाताचा पंजा. एकेक डाग म्हणजे एकेक सुटलेलं घर. धाकटी तेच डाग मोठे करून रंगवायची. संस्थेच्या बाईंना चित्रं आवडली, पण चादर त्याहून आवडली. "काय खुणा आहेत या!" असं त्या म्हणत राहिल्या. परीट ज्याला मळ म्हणतो, त्याला या मंडळींत खुणा म्हणतात. निवड जवळजवळ पक्की झाली. फक्त मूळ चादर समितीपुढे ठेवायची होती.

चादर भावाच्या घरी होती. धाकटीने वहिनीला फोन केला.

"वहिनी, आईची ती जोडलेली चादर पाठवशील? प्रदर्शनात लावायचीय. मोठमोठी माणसं येणार आहेत बघायला."

"पाठवते की. पण तू कधी येतेस, शेंडेफळ?"

"निवड झाली की लगेच."

"मग माझ्याकडून काही कमी पडायचं नाही," वहिनी म्हणाली.

आणि तिने खरंच काही कमी पडू दिलं नाही. चादर बघायला खोलीवर आलेल्या बाईंच्या समोरच धाकटीने पार्सल उघडलं, तर आत कडक इस्त्रीची, पांढरीशुभ्र चादर. काजळी नाही, शाई नाही, पंजा नाही. भोकंसुद्धा बारीक टाक्यांनी रफू केलेली. धाकटीने ती उलटून पालटून पाहिली.

"अहो, आता ही नुसती चादर झाली," बाई म्हणाल्या.

"वहिनीने धुतलीय. तीही घरचीच खूण ना? अशीच लावू या."

"समितीला नाही पटायचं. तुमच्याकडे फोटो आहे, हातात कला आहे. थोडं चहाचं पाणी, थोडी काजळी. कुणाला कळणार आहे?"

बाई गेल्यावर धाकटीने खरोखरच चहाचं पाणी उकळलं. न करून सांगते कुणाला, घरी जायचा तेवढा एकच रस्ता होता. तिने चादरीचं टोक पातेल्यावर धरलं आणि तेवढ्यात फोन वाजला.

"मिळाली का गं चादर? त्या शाईने तर माझा अंत पाहिला! लिंबू लावलं, उन्हात घातली, परत घासली. तुझा दादा म्हणाला, बोटं दुखतायत तर परटाकडे दे. म्हटलं, छे! सासूबाईंची चादर चारचौघांत लागणार, ती मळकी पाठवू? लोक म्हणतील, यांच्या घरात बायका नव्हत्या काय?"

धाकटीला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं.

"काय झालं? बरी नाही निघाली का?"

"फार सुंदर निघालीय, वहिनी."

"मग होईल ना निवड? तुझ्या गादीला नवा अभ्रा शिवून ठेवलाय."

"बघू," धाकटी म्हणाली.

फोन ठेवून तिने चहा मोरीत ओतून दिला. वहिनीने दुखऱ्या बोटांनी काढलेले डाग परत घालायला तिचा हात धजेना. लावायची तर अशीच लावा, असं तिने बाईंना कळवलं. त्यांनी लावली नाही. भिंत दुसऱ्या एका चित्रकाराला गेली. त्याची चित्रं चौकटींसाठी धाकटीच्याच कारखान्यात आली, आणि तिने ती मान खाली घालून, काटकोन तपासून, नीट बसवून दिली. चित्रं चांगली होती. तेही तिला लागलं.

पुढच्या सुट्टीला दुपारी तिने चादर पलंगावर घातली. एका माणसाच्या पलंगाला ती कुठली मावायला? दोन्हीकडून जमिनीवर लोळायला लागली. मग तिने पलंग भिंतीला उभा केला आणि चादर जमिनीवरच अंथरली. खोली भरून गेली. चादरीला वहिनीच्या घरातल्या साबणाचा वास होता. वहिनीला तिने अजून काहीच सांगितलं नव्हतं.

ती भिंतीकडच्या कडेला, अंग चोरून आडवी झाली. लहानपणी तिची जागा तीच होती. उरलेली चादर तिने तिघांसाठी मोकळी ठेवली.