मालाकीच्या डोक्यावरची चटई

मी एक जुनी चटई आहे, मित्रांनो. पण माझी गोष्ट सुरू करण्याआधी मला मालाकीबद्दल बोलायचं आहे, कारण ते पोटात ठेवून ठेवून माझी वीण उसवायला लागली आहे. साठी ओलांडलेला माणूस, घराण्याचा प्रमुख, देवळात पहिल्या बाकावर बसणारा. आणि नऊ वर्षांच्या नातीला सगळ्या घरादेखत 'खोटारडी' म्हणाला! का, तर ती खरं बोलली म्हणून.

आता पहिल्यापासून सांगते.

मी बसायची चटई नव्हे. माझ्यावर पाय ठेवायची कोणाची छाती नाही. मालाकीच्या आईने, फुआतिनोने, मला विणलं. केवड्याची लांब पानं उकळली, समुद्राच्या पाण्यात भिजवली, उन्हात पांढरी केली आणि नखाने त्यांच्या दोऱ्याएवढ्या पट्ट्या काढल्या. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने मला विणायला घेतलं आणि मालाकी रांगायला लागला तेव्हा माझ्या काठाला लाल पिसं लावली. म्हणजे मालाकी आणि मी बरोबरीचे. मी मात्र त्याच्यापेक्षा मऊ निघाले.

आमच्या सामोआत माझ्यासारख्या चटया लग्नात देतात, मयताला देतात. आणखीही एक काम असतं. आपल्या माणसाच्या हातून दुसऱ्याच्या घराचं वाईट झालं, तर घरातला मोठा माणूस पहाटे त्या घरासमोर जाऊन बसतो आणि डोक्यावरून अशी चटई ओढून घेतो. बोलायचं नाही, हलायचं नाही. आतल्या लोकांनी चटई उचलली तर माफी. दगड घेऊन आले तर दगड. मालाकीच्या वडिलांच्या बसखाली शेजारच्या गावचा तरुण मुलगा गेला, तेव्हा मी त्यांच्या डोक्यावर होते. ऊन चढेपर्यंत ते तसेच बसले. शेवटी त्या मुलाच्या आईनेच मला उचललं. लहानगा मालाकी वडिलांच्या शेजारी बसून सगळं बघत होता. तेव्हापासून मला लाज ओळखता येते. ती घामासारखी येते आणि घामापेक्षा खारट असते.

पुढे मला कोणी बोलावलं नाही. फुआतिनोच्या गादीखाली घडी घालून मी पडून राहिले. मात्र आमच्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब. त्यामुळे संध्याकाळी शंख वाजला आणि सगळे प्रार्थनेला बसले की एकूण एक शब्द मला ऐकू येतो. मला वाचता येत नाही, फुआतिनोलाही जेमतेम येतं, पण अख्खं बायबल आमच्या कानांवरून गेलेलं आहे.

मुलांचा रविवार जवळ आला की मालाकी रोज संध्याकाळी पोरांना गोष्ट शिकवायचा. त्या दिवशी पोरं पांढरे कपडे घालून देवळात उभी राहतात, पाठ केलेलं म्हणतात, आणि घरी आल्यावर मोठी माणसं त्यांना आधी वाढतात. मालाकीची लाडकी गोष्ट दावीदाची, गोफणीच्या एका दगडाने राक्षसासारख्या गल्याथला पाडणाऱ्या मेंढपाळ पोराची. सांगायचा झकास, खोटं कशाला बोलू! गल्याथ पडला की भांड्याचं झाकण जमिनीवर आपटायचा आणि पोरं किंचाळायची. पण शेवट नेहमी तोच. "आणि दावीद राजा झाला. आमेन."

त्याच्या नातीला, लूपेला, या वर्षी स्वतः वाचायची गोडी लागली. मुकुटापाशी थांबायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती पुढे वाचत गेली.

"आजोबा," प्रार्थनेनंतर तिने विचारलं, "राजा झाल्यावर दावीदाने उरीयाला का मारलं?"

सगळ्यांच्या हातातले पंखे थांबले.

"कोण उरीया?"

"त्याचा शिपाई. राजाने त्याची बायको आपल्या घरी आणली, आणि मग त्याला लढाईत मुद्दाम सगळ्यांच्या पुढे उभं केलं."

"असलं काही पुस्तकात नाही."

"आहे, आजोबा. मी वाचलंय."

"खोटारडी!" मालाकी ओरडला. "चल, ऊठ इथून!"

मित्रांनो, तिथे बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ते पुस्तकात असल्याचं ठाऊक होतं. लूपेची आत्या लीटा तर ते देवळात मोठ्याने वाचलेली बाई. फुआतिनोलाही ठाऊक होतं. पण घराच्या प्रमुखाला प्रार्थनेच्या बैठकीत तोंडावर खोडून काढायचं, ही आमच्याकडे रीत नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पोर एकटी उठून बाहेर गेली. गादीखाली मला असं वाटलं, की कोणीतरी मला उलटी विणायला घेतलं आहे.

दुसऱ्या दिवशी लीटा लूपेच्या पांढऱ्या फ्रॉकला बटणं लावत होती.

"अगं, पाठांतर म्हणून दाखव की."

"मी नाही उभी राहणार."

"का गं बाई?"

"खोटारडीचं कोण ऐकणार? आणि आत्या, गल्याथ तरी खरा होता का? की तेही आजोबांनी लपवाछपवी करूनच सांगितलं?"

लीटाच्या बोटात सुई घुसली. या एका पोरीच्या मनातून नुसता आजोबा गेला नव्हता, दावीद गेला होता, आणि त्याच्यामागून देवही निघायच्या बेतात होता.

शनिवारी फुआतिनोने मला बाहेर काढून उन्हात पसरलं. नेहमी एकाच ठिकाणी दुमडल्यामुळे मधली वीण तुटायला आली होती. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं.

मालाकी आला. "बरं केलंस, आई. उद्या देवळातल्या पाळकांना देऊ. शोभेल."

"पाळकांना कशाला? त्यांचं तू काय वाईट केलंयस? ही तुझ्या डोक्यावर जाणार आहे."

मालाकीला कळलं. मान लाल झाली त्याची. "पोरीपुढे बसू? मी? मोठ्यांची पापं पोरांना सांगितली तर उद्या मोठ्यांना विचारील कोण?"

"देवाने ती लिहून ठेवली, त्याला नाही भीती वाटली. तू त्याच्याहून मोठा का रे?"

"लोक हसतील, आई."

"हसू देत. तुझ्या दातांनी थोडेच हसणार आहेत!"

तो पाय आपटत निघून गेला. मला वाटलं, संपलं. आता माझ्यावर धूळ बसेल आणि त्याच्यावरही.

पण मुलांच्या रविवारी, उजाडता उजाडता, त्याने मला गादीखालून ओढलं. लूपे रोज जिथे पाला झाडते त्या अंगणात तो मांडी घालून बसला आणि मला डोक्यावर घेतलं. त्याच्या वडिलांसारखाच घाम. तसाच खारट. थोड्या वेळाने काठी टेकत फुआतिनो आली, त्याच्या शेजारी कण्हत बसली आणि माझा एक कोपरा तिने आपल्याही डोक्यावर ओढून घेतला.

लूपे झाडू घेऊन आली. थबकली.

"आजोबा, मला इथे झाडायचंय."

आतून मालाकी बोलला. बोलायची रीत नाही, पण बोलला. उघड्या तोंडाने जे त्याला कधी सांगता आलं नाही, ते तो माझ्या आडून सांगू लागला. गच्चीवर उभा राहिलेला राजा. दुसऱ्याची बायको. लढाईत पुढे उभा केलेला उरीया, आणि त्याला एकटा सोडून मागे सरकलेले लोक. मग देवाचा निरोप घेऊन राजाकडे आलेला नाथान. त्याने सांगितलेली गोष्ट, गरिबाची एकुलती एक कोकरी पळवणाऱ्या श्रीमंताची. राजा चिडला, म्हणाला, त्या माणसाला मारलं पाहिजे. आणि नाथान म्हणाला, तो माणूस तूच.

इथे मालाकीने मला दोन्ही हातांनी आणखी खाली ओढलं.

"मग?" लूपेने विचारलं. "राजा नाथानला खोटारडा म्हणाला?"

मित्रांनो, माझ्या प्रत्येक धाग्याला ते लागलं. मी त्याच्या कपाळाला चिकटले होते, आणि ते कपाळ भट्टीसारखं तापलं होतं.

"नाही," मालाकी म्हणाला. "राजा म्हणाला, मी पाप केलं. आणि लूपे, तू वाचलंस ते पुस्तकात आहे. मला ठाऊक होतं."

झाडू खाली पडल्याचा आवाज आला. दोन लहान हातांनी मला उचललं.

"पणजी! तू कशाला आत बसलीस?"

"त्या संध्याकाळी मीही ऐकत होते ना, बाळ. नुसती ऐकत होते."

मला नीट ठेवायचं असेल, मित्रांनो, तर अधूनमधून पूर्ण उलगडून उन्हात टाका. तुटलेला भाग आत दुमडून, चांगला तेवढा वर दाखवाल, तर मी आतून कुजेन आणि तुम्हाला कळणारही नाही. मी चटई, मला एवढंच कळतं.

फुआतिनोने मात्र काठीचं टोक मालाकीच्या गुडघ्याला लावलं. सगळं घर आता अंगणात उभं होतं, आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "इतकी वर्षं तू नुसता मुकुट घासूनपुसून दाखवत होतास, मालाकी. आज पोरांना पहिल्यांदा बायबल शिकवलंस. आता तोंड धू. देवळात तिच्या शेजारी बस, आणि घरी आल्यावर पहिलं ताट तिला तुझ्या हाताने वाढ. पाठांतरात ती चुकली तर तू तिला सांग. तू चुकलास तर ती सांगेल, आणि तू ऐकशील."